लिचेसचं ओपनिंग एक्सप्लोरर, हरल्यावर उघडलेलं

रविवारी बुद्धिबळ स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत एका शाळकरी पोरीनं मला सात खेळ्यांत गार केलं. मी काळा, सुरुवात कॅरो-कान बचावाची, त्यातला ऍडव्हान्स प्रकार. तिनं चौथ्या खेळीला एच४ केलं, मी सवयीनं ई६. मग तिची प्यादी पुढे सरकली, जी४, एफ३, एच५, आणि माझा उंट जी६वर कोंडला. पुढचे वीस मिनिटं नुसता चहा गार होत होता.

रात्री लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर एक्सप्लोरर उघडलं; एखाद्या स्थितीत आजवर कोण काय खेळलं ते ते दाखवतं. फुकट, जाहिरातीही नाहीत. मास्टर्सच्या, म्हणजे तगड्या खेळाडूंच्या डावांत त्या एच४ला काळा सर्रास एच५ खेळतो. पण खरा कामाचा साध्या खेळाडूंचा डेटाबेस: रेटिंग (खेळाडूच्या ताकदीचा आकडा) १६०० लावलं, तर ई६वाले माझे भाऊबंद भरपूर! टक्केवारी मात्र कारण सांगत नाही, ते पट मांडूनच कळलं. आता हरलेले डाव तिथल्याच ‘स्टडी’ नावाच्या वहीत ठेवतो, एकेक चॅप्टर करून. तीन झालेत.