धंद्याच्या वेब ॲप्लिकेशनसाठी कोणते फ्रेमवर्क: रिॲक्ट, अँग्युलर, व्ह्यू, ब्लेझर की एचटीएमएक्स?

वेर्ण्याच्या औषध कारखान्याचे गोदाम, कळंगुटच्या हॉटेलचे बुकिंग किंवा डिचोलीच्या पतसंस्थेची कर्जखाती, कामे वेगळी असली तरी त्यांच्या सॉफ्टवेअरची जात एकच. लांबलचक फॉर्म, हजारो ओळींचे तक्ते, दिवसभर त्याच स्क्रीनसमोर बसणारा कारकून, आणि एकदा बसवले की सात-आठ वर्षे चालावे ही मालकाची अपेक्षा. पहिले पान किती मिलिसेकंदांत उघडते या स्पर्धेचा इथे फारसा उपयोग नाही. फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे अशा स्क्रीन बनवण्याच्या तयार सांगाड्यात, तुमची सगळ्यात अवघड स्क्रीन कशी उभी राहते, नवी आवृत्ती आली की काय मोडते, आणि आज कोड लिहिणारा पुण्याला किंवा बंगळुरूला निघून गेला तर मागे कोण सांभाळणार, एवढे पाहिले तरी निवड बरीच सोपी होते.

एकच स्क्रीन घ्या: हॉटेलचा दरपत्रक तक्ता

१२ प्रकारच्या खोल्या आणि वर्षाचे ३६५ दिवस, म्हणजे ४,३८० घरे. डिसेंबरअखेरचे दर, पावसाळ्यातली सवलत, शनिवार-रविवारची वाढ, सगळे याच तक्त्यात भरायचे. पाचही पर्यायांचा स्वभाव इथे उघड होतो.

रिॲक्टमध्ये सहज सुचणारी पद्धत म्हणजे सगळा तक्ता वरच्या कंपोनंटच्या (स्क्रीनच्या तुकड्याच्या) स्टेटमध्ये, म्हणजे त्याने लक्षात ठेवलेल्या माहितीत, ठेवणे. मग एका घरात एक आकडा टाइप केला की सगळी घरे पुन्हा रेंडर होतात, म्हणजे नव्याने काढली जातात, आणि टायपिंग अडखळते. त्यासाठी टाइप होत असलेली किंमत त्या घरापुरती ठेवा, घरातून बाहेर पडताना वर पाठवा, आणि ओळींना मेमो लावा, म्हणजे न बदललेली ओळ पुन्हा काढली जात नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये रिॲक्ट कंपायलरची पहिली स्थिर आवृत्ती आली, ती मेमोचे बरेच काम स्वतः करते. पण ४,३८० खरे इनपुट पानावर मांडले तर ब्राउझर जड होणारच. त्यामुळे दिसणारी घरेच मांडणारे व्हर्च्युअल स्क्रोल लागते. त्याचाही एक तोटा आहे. ब्राउझरचा शोध आणि प्रिंट फक्त मांडलेल्या ओळी पाहतात, म्हणून छपाईसाठी वेगळे पान आधीच धरून चाला.

अँग्युलरचे रिॲक्टिव्ह फॉर्म ही त्याची खरी ताकद. एकमेकांवर अवलंबून असलेली व्हॅलिडेशन (भरलेले बरोबर आहे का ही तपासणी), बदललेल्या-न बदललेल्या घरांची नोंद, आवृत्ती १४ पासून प्रत्येक रकान्याचा माहितीप्रकार आधीच ठरवणारे ‘टाइप्ड’ फॉर्म, सगळे घरचेच. मात्र प्रत्येक घराला फॉर्म कंट्रोल (त्या घराची किंमत सांभाळणारी वस्तू) दिला की एका बदलानंतर त्याच्या वरच्या ॲरेची, म्हणजे घरांच्या यादीची, किंमत आणि वैधता दर वेळी नव्याने मोजली जाते. इथे कंट्रोल फक्त संपादन चालू असलेल्या ओळीला द्या आणि अपडेट ‘ब्लर’वर, म्हणजे घरातून बाहेर पडताना, ठेवा. साठ-सत्तर रकान्यांच्या कर्जअर्जाला मात्र अँग्युलरइतके शिस्तीचे दुसरे काही नाही, हे आमचे स्पष्ट मत.

व्ह्यूमध्ये कोड सर्वांत कमी लागतो. अडचण एवढीच की साधा ‘रेफ’ वापरला तर तक्त्यातली प्रत्येक वस्तू बदलांवर नजर ठेवणाऱ्या प्रॉक्सीत खोलवर गुंडाळली जाते. मोठ्या यादीला ‘शॅलो रेफ’ वापरला की हा भार जातो. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवर चालणाऱ्या ब्लेझरमध्ये व्हर्च्युअल यादीची सोय अंगचीच आहे.

एचटीएमएक्समध्ये पानाचे तुकडे सर्व्हरच बनवतो: घरावर क्लिक केले की सर्व्हर इनपुट पाठवतो, बाहेर पडले की जतन झालेले घर परत येते. महिनाभराचा तक्ता एका वेळी दाखवला तर हे छान चालते. पण एक्सेलमधून ३० दर कॉपी करून एकदम चिकटवायचे असतील तर जावास्क्रिप्ट लिहावीच लागेल. आणखी एक फसवी गोष्ट: सर्व्हरने चुकीच्या फॉर्मला ४२२ हा (माहिती चुकीची असल्याचा) कोड दिला तर एचटीएमएक्स मूळ सेटिंगमध्ये ते उत्तर पानावर लावतच नाही. वापरणाऱ्याला बटण दाबूनही काही घडलेले दिसत नाही. दुसऱ्या आवृत्तीत हे रिस्पॉन्स हँडलिंगच्या सेटिंगमधून बदलता येते. ते पहिल्याच दिवशी करून ठेवा.

मराठीत टाइप करणारा माणूस

गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणी राजभाषा आहे आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद आहे. पेडणे, सत्तरी, फोंडा भागात ग्राहकाचे नाव-पत्ता मराठीत भरणे रोजचेच. तरीही हा भाग चाचणीत जवळपास नेहमी सुटतो.

फोनेटिक कीबोर्डवर शब्द पूर्ण होईपर्यंत ब्राउझर ‘कंपोझिशन’मध्ये (अक्षरे जुळवण्याच्या अवस्थेत) असतो. व्ह्यूचे व्ही-मॉडेल (रकाना आणि माहिती जोडणारी सोय) या काळात किंमत बदलत नाही. अँग्युलरचे फॉर्मही अँड्रॉइड सोडून इतरत्र शब्द पक्का होईपर्यंत थांबतात. रिॲक्टचा ऑनचेंज (रकाना बदलल्याची सूचना) मात्र मधल्या अर्धवट अक्षरांसाठीही चालतो. म्हणजे ‘नाईक’ शोधताना एकीकडे यादी शेवटपर्यंत हलत नाही, तर दुसरीकडे प्रत्येक अर्धवट रूपासाठी सर्व्हरला विनंती जाते. पहिल्या दोघांत शोधाच्या रकान्यासाठी इनपुट इव्हेंट थेट ऐका. रिॲक्टमध्ये ३०० मिलिसेकंदांचा थांबा घाला.

टॅलीची सवय असलेल्यांना एंटर दाबला की पुढच्या रकान्यात जायचे असते, आणि ब्राउझरमध्ये एंटरने फॉर्म सबमिट होतो. अर्धवट पावत्या जतन होण्याचे हे नेहमीचे कारण. कोणतेही फ्रेमवर्क घ्या, हे स्वतः लिहावे लागते. लिहिताना कंपोझिशन चालू आहे का ते तपासा, नाहीतर मराठी शब्द पक्का करण्यासाठी दाबलेला एंटर माणसाला पुढच्या रकान्यात ढकलतो.

आकड्यांचेही तसेच. ब्राउझरला मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) दिले की रक्कम १२,३४,५६७ अशी देवनागरी अंकांत येते. वाचायला उत्तम. पण तीच रक्कम इनपुटमध्ये टाकून पुन्हा संख्या करायला गेलात तर जावास्क्रिप्ट ‘संख्या नाही’ असे उत्तर देते. दाखवायची रूपे आणि भरायची रूपे वेगळी ठेवा; हवे तर लोकेलला लॅटिन अंकांची सूचना जोडा. तक्त्याच्या ओळीची उंची दाबून ठेवली असेल तर वेलांट्या आणि रफार कापले जातात, तेवढे पाहा.

भाषा बदलण्याच्या सोयीत फरक आहे. अँग्युलरची अंगची पद्धत प्रत्येक भाषेसाठी वेगळे बिल्ड (ॲप्लिकेशनची चालवण्याजोगी प्रत) बनवते. पान पुन्हा न उघडता इंग्रजीवरून मराठीवर जायचे असेल तर ट्रान्सलोकोसारखी लायब्ररी (तयार कोडचा संच) घ्यावी लागते. रिॲक्ट आणि व्ह्यूच्या रुळलेल्या लायब्रऱ्यांत हे जागच्या जागी होते.

आवृत्त्या आणि त्यांचा खर्च

अँग्युलरची मोठी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि तिला १८ महिने आधार मिळतो. अपडेटची आज्ञा बराच कोड स्वतः दुरुस्त करते, पण एकेक आवृत्ती करत जावे लागते. १४ वरून थेट २० नाही. अडते ते बहुधा बाहेरच्या ग्रीड (तक्ता) किंवा चार्टच्या लायब्ररीपाशी. अँग्युलर मटेरियल या तयार कंपोनंटच्या लायब्ररीच्या १५ व्या आवृत्तीत कंपोनंटची आतली रचना बदलली, तेव्हा आत हात घालून लिहिलेले सीएसएस (रंगरूपाचे नियम) अनेक ठिकाणी मोडले. वर्षाला दोनदा चार-पाच दिवस यासाठी बाजूला काढणार नसाल तर अँग्युलर घेऊ नका.

रिॲक्टचे ठरलेले वेळापत्रक नाही. धक्के आजूबाजूच्या गोष्टींतून बसतात. नवा प्रकल्प सुरू करून देणारे क्रिएट रिॲक्ट ॲप फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे निवृत्त झाले. रिॲक्ट १९ ने जुनी रेंडर पद्धत काढून टाकली. राउटर (पाने बदलणे), फॉर्म, डेटा आणणे, भाषा यांसाठी एकेक लायब्ररी ठरवून एका पानावर लिहून ठेवली नाही, तर तीन डेव्हलपर तीन प्रकारे लिहितात आणि चौथ्याला ते उकलत बसावे लागते.

व्ह्यू २ चा आधार ३१ डिसेंबर २०२३ ला संपला. व्ह्यूसाठीचे तयार कंपोनंट देणाऱ्या व्हुएटिफाय ३ च्या सुरुवातीच्या आवृत्तीत डेटा टेबलच नव्हते, त्यामुळे तक्त्यांवर चालणारी ॲप्लिकेशन्स जागीच अडकली. नव्याने व्ह्यू ३ घेणाऱ्याला हा त्रास नाही. जुने ॲप्लिकेशन विकत घेणाऱ्याने मात्र आवृत्ती विचारावीच.

पावसाळ्यातले नेटवर्क

ब्लेझर सर्व्हर पद्धतीत प्रत्येक क्लिक वेबसॉकेटवरून (सतत उघड्या राहणाऱ्या संपर्कातून) सर्व्हरला जातो आणि स्क्रीनची अवस्था सर्व्हरच्या मेमरीत राहते. संपर्क तुटल्यावर ती मूळ सेटिंगनुसार तीन मिनिटे जपली जाते. डॉटनेट १० मध्ये ती जास्त काळ टिकवण्याची सोय आली. कुंडईच्या कारखान्यात स्वतःचे लॅन, सर्व्हर शेजारच्या खोलीत आणि टीम डॉटनेटची असेल तर हा पर्याय फार झटपट काम देतो. जुलैत जिथे वीज आणि नेट वारंवार जाते अशा काणकोणच्या रिसॉर्टवर मात्र भरलेला फॉर्म हातचा जाईल. ब्लेझर ब्राउझरमध्येच चालवणाऱ्या वेबअसेंब्लीने हे टळते, पण पहिल्यांदा काही मेगाबाइट उतरवावे लागतात. एचटीएमएक्सला संपर्क टिकवावा लागत नाही. नेट गेले तर एक विनंती फसते, भरलेले पानावर राहते.

ग्रीडचा परवाना आधी वाचा. एजी ग्रीड या तयार तक्त्याच्या लायब्ररीच्या मोफत आवृत्तीत सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) निघते. एक्सेल एक्सपोर्ट आणि ओळींचे गट विकतच्या आवृत्तीत, डेव्हलपरच्या संख्येनुसार. रिॲक्टसाठीच्या एमयूआयच्या ग्रीडमध्येही एक्सेल विकतच्या प्रीमियम स्तरात.

आमचा कौल

दोन-तीन जणांची टीम, जँगो किंवा लाराव्हेल या सर्व्हरकडच्या फ्रेमवर्कचा हात, तीसेक स्क्रीन: एचटीएमएक्स. लाराव्हेलच असेल आणि स्क्रीन जास्त हलत्या असतील तर इनर्शियासोबत (दोन्हींना जोडणारी लायब्ररी) व्ह्यू. फॉर्म गुंतागुंतीचे, स्क्रीन शंभराच्या घरात आणि माणसे बदलत राहणार: अँग्युलर. मोबाइल ॲपही त्याच टीमने करायचे, किंवा पणजी-मडगावात पटकन माणूस मिळायला हवा: रिॲक्ट, लायब्रऱ्यांचा तो कागद आधी करून. ब्लेझर डॉटनेटवाल्यांनीच घ्यावे.

कराचे नियम कोणत्याही परिस्थितीत स्क्रीनच्या कोडमध्ये नकोत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. दर सर्व्हरच्या तक्त्यात तारखेसह असेल तर एक ओळ घालून काम संपते आणि जुनी बिले जुन्या दरानेच उघडतात.

दोन पर्यायांवर अडला असाल तर दोन्हींत तीच अवघड स्क्रीन बनवा, प्रत्येकी तीन दिवसांत. ५,००० ओळींची खरी माहिती भरा. क्रोमच्या नेटवर्क टॅबमध्ये स्लो ४जी लावा, मध्येच पाच मिनिटे नेट तोडा, माऊस बाजूला ठेवून मराठीत २० नोंदी करून पाहा, आणि हे सगळे डेव्हलपरकडून नव्हे, रोज ते काम करणाऱ्याकडून करून घ्या. काम बाहेर देत असाल तर करारात लिहून घ्या की सोर्स कोडसोबत लॉक फाइलही (वापरलेल्या लायब्रऱ्यांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) मिळेल, आणि शेवटचा हप्ता तुमच्या स्वतःच्या कोऱ्या मशीनवर बिल्ड पूर्ण झाल्यावरच दिला जाईल.