बुलेट माइक आणि ट्यूब ॲम्पच्या नावाखाली ६२,७०० रुपयांना गंडवलं, हार्प म्हणजे माउथ ऑर्गन वाजवणाऱ्यांनी वाचाच

रक्कम आधीच सांगून टाकतो. माइकचे १६,५००, ॲम्पचे (ॲम्प्लिफायर, तोही जुन्या पद्धतीचा, काचेच्या ट्यूबांचा) ४२,००० आणि वर "रिफंडेबल इन्शुरन्स"चे ४,२००. एकूण ६२,७०० रुपये. त्यातला एक रुपया परत आलेला नाही. बायकोला फक्त माइकचं माहितीये, ॲम्पचं अजून सांगायची हिंमत झालेली नाही. लिहिताना पण डोकं तापतंय, त्यामुळे एखादा शब्द कडक आला तर समजून घ्या.

पहिलं म्हणजे "एवढं शिकून फसतात कसे लोक" हे मला ऐकवू नका. आर्मीवाला बनून सोफा विकणारे, क्यूआर कोड पाठवून पैसे "येतील" म्हणणारे, कस्टममध्ये पार्सल अडकलंय सांगणारे, हे सगळं मला आधीपासून माहीत होतं. आईला, सासऱ्यांना मीच समजावलंय. या माणसाने यातलं काहीही केलं नाही. तो टोनबद्दल बोलला.

झालं असं की मी एका सेकंड हँड वस्तूंच्या साइटवर जाहिरात टाकली होती, हार्पसाठी हाय इम्पीडन्स (विजेला जास्त अडथळा असलेला) माइक हवाय म्हणून. त्यावर ह्याचा मेसेज, "दादा, क्रिस्टल हवाय की सीआर?" म्हणजे माइकच्या आतला आवाज पकडणारा भाग, एलिमेंट, क्रिस्टलचा हवा की कॉइलवाला कंट्रोल्ड रिलक्टन्स. आता मला सांगा, पुण्यात हा प्रश्न विचारणारा माणूस कुठे भेटतो? आपल्याकडे माउथ ऑर्गन म्हणजे क्रोमॅटिक आणि जुनी हिंदी गाणी, आर.डी. स्वतः वाजवायचे हे सगळ्यांना पाठ, पण दहा भोकांचा डायटॉनिक (एकाच पट्टीचा माउथ ऑर्गन) आणि मुठीत मावणारा गोळीच्या आकाराचा बुलेट माइक दोन्ही हातांत गच्च कप करून छोट्या ट्यूब ॲम्पला पार घुसमटवून वाजवायचं, ते पन्नासच्या दशकातल्या शिकागोचं ब्लूज, हार्पवाल्या लिटल वॉल्टरचं, ते करणारे आपल्याकडे मोजकेच. दुकानात विचारलं तर गाण्याचा माइक पुढे करतात. म्हणजे खात्री करून घ्यायला आसपास कोणी नाही, आणि हे त्या चोराला पक्कं ठाऊक होतं.

तो म्हणाला मूळचा सांगलीचा, आता बंगळुरूला आयटीत. मराठी स्वच्छ. ॲस्टॅटिक कंपनीचा जेटी-३० हा जुना बुलेट माइक आहे म्हणाला, आत ओरिजिनल क्रिस्टल, चालू स्थितीत. नवशिक्यांसाठी सांगतो, क्रिस्टल म्हणजे रोशेल सॉल्टचं एलिमेंट, त्याला उष्णता आणि दमट हवा दोन्ही चालत नाही. साधारण ५५ अंशांच्या पुढे ते गेलंच समजा, मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला माइक असाच मरतो. त्यामुळे आपल्या हवेत चालू क्रिस्टल मिळणं ही मोठी गोष्ट, आणि हे त्यानेच मला सांगितलं, सिलिका जेलच्या डब्यात ठेवतो म्हणाला, डब्याचा फोटो पाठवला. १६,५०० ठरले, यूपीआयने दिले, आणि माइक आला! नीट बबल रॅपमध्ये, आत खरंच सिलिका जेलची पुडी. जो माणूस वस्तू पाठवतो त्याच्यावर संशय कोण घेईल?

कप करून वाजवला तर आवाज पातळ. जाडी नाही, गुरगुर नाही, दोन नंबरचा ड्रॉ (दुसऱ्या भोकातून श्वास आत ओढून काढलेला सूर) एकदम टिनपाट. मी लगेच कळवलं. त्याचं उत्तर असं, "दादा तुमचा ॲम्प सॉलिड स्टेट ना? क्रिस्टलला पाच मेगओहमचा इनपुट लागतो, तुमचा एक मेगचा असेल. बेस तिथेच मरतो." सॉलिड स्टेट म्हणजे ट्यूबा नसलेला, ट्रान्झिस्टरचा. आणि त्याचं हे म्हणणं खरं आहे. खोटं असतं तर मी तिथेच पकडला असता. क्रिस्टल कपॅसिटरसारखा वागतो, कमी इम्पीडन्सच्या इनपुटमध्ये खालचे सूर उडतात, हे कुठल्याही जुन्या हार्प वाजवणाऱ्याला विचारा. खऱ्या माहितीवर खोटा माल विकला त्याने. माइक वाईट वाजतोय हीच तक्रार त्याने ॲम्प विकायला वापरली. हे मला आज सगळ्यात जास्त झोंबतं.

मग त्याने क्लिपा पाठवायला सुरुवात केली. एकच फ्रेज, वेगवेगळे माइक आणि ॲम्प. जेटी-३० चॅम्पमध्ये (फेंडरचा छोटा ट्यूब ॲम्प), ग्रीन बुलेट (शूरचा बुलेट माइक) चॅम्पमध्ये, साधा गाण्याचा माइक ट्रान्सफॉर्मर लावून, मग हेच सगळं मोठ्या चार स्पीकरवाल्या बेसमनमधून. कुठला माइक कुठल्या क्लिपमध्ये ते न सांगता मला ओळखायला लावायचा. मी रात्री जागून लांब लांब उत्तरं लिहायचो, इथे कप सुटला, इथे फीडबॅक यायच्या बेतात आहे, इथे प्रीअँपमध्ये (ॲम्पच्या पहिल्या टप्प्यात) १२एएक्स७ ट्यूब काढून १२एवाय७ लावलीय का, गेन कमी वाटतोय. तो म्हणायचा, दादा तुमचा कान भारी आहे. कोणाला आवडणार नाही हो असं ऐकायला, घरात सगळे "बंद कर ते" म्हणत असताना?

आणि आता ती जागा, जी आठवली की झोप उडते.

त्याचं म्हणणं, ॲम्प त्याने स्वतः बांधलाय, फेंडर चॅम्पच्या ५एफ१ सर्किटवर, "काहीही बदल न करता", फक्त मेन ट्रान्सफॉर्मर आपल्या २३० व्होल्टचा. क्लिपा बंगळुरूला घरीच रेकॉर्ड केल्या म्हणाला. एका क्लिपच्या सुरुवातीला वाजवण्याआधी दोन-तीन सेकंद नुसता ॲम्पचा हम (विजेमुळे येणारी घूं) आहे. तो हम मी ऐकला. मला तो ओळखीचा वाटला नाही. एवढंच वाटलं, आणि पुढे फ्रेज सुरू झाली, टोन इतका सुंदर होता की मी तिकडे गेलो.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ॲम्प हम करतो तो ५० आणि १०० वर, म्हणजे जी या सुराच्या किंचित वर. माझ्या घरचा ॲम्प रोज तोच सूर धरून बसलेला असतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथला हम बी फ्लॅट आणि बी च्या बरोबर मध्ये पडतो. सगळं संपल्यावर मी हेडफोन लावून, ट्यूनर ॲप उघडून ती क्लिप पुन्हा ऐकली. काटा बी फ्लॅट आणि बी च्या मध्ये. बंगळुरूत असा हम येऊच शकत नाही. अमेरिकेतल्या कोणीतरी मेहनतीने केलेलं टेस्टिंग उचलून हा चोर स्वतःचं म्हणून विकत होता. पुरावा माझ्या कानात जाऊन बाहेर पडला. पण मी फोनच्या स्पीकरवर ऐकत होतो, त्यात खालचं काही येतच नाही, आणि जाहिरातीतल्या ॲम्पचा हम ट्यूनरवर कोण लावून बघतं? आता तुम्ही बघा. दोन सेकंद लागतात. क्लिपमध्ये हम नसेल तर "ॲम्प चालू ठेवून न वाजवता दहा सेकंद रेकॉर्ड करून पाठव" असं मागा.

त्याच आठवड्यात तो लिहून गेला की "ट्रेबल तीनवर आणि बेस सातवर ठेवलाय". ५एफ१ ला ट्रेबल-बेस नसतातच, एकच व्हॉल्यूमचा नॉब असतो. मी विचारलं तर म्हणाला, ते मिक्सरवरचं बोलतोय. पटण्यासारखं होतं.

ॲम्पचे ४२,००० असे गेले: आधी ५,००० टोकन, मग २०,००० "ट्रान्सफॉर्मर आणि कॅबिनेटसाठी", मग माल निघताना १७,०००. बिल्टीचा (ट्रान्सपोर्टच्या पावतीचा) फोटो आला, शिक्का, सही, नंबर सगळं. दुसऱ्या दिवशी मेसेज, ट्यूबा काचेच्या असल्यामुळे इन्शुरन्स कंपल्सरी, ४,२०० भरा, डिलिव्हरीला परत मिळतील. भरले, कारण ५८,५०० आधीच अडकले होते आणि त्या क्षणी माणूस अडकलेल्याचाच विचार करतो. परत मिळणारे पैसे आधी मागितले की तिथेच थांबा, पुढे एक रुपया देऊ नका. ट्रान्सपोर्टच्या पुण्याच्या गोडाउनला बिल्टी दाखवली तर तिथल्या माणसाने बघताक्षणी सांगितलं, हा आमचा नंबरच नाही, आमची सिरीजच अशी नसते. तोवर तिकडे मी ब्लॉक.

मग माइक उघडला. मागचे स्क्रू काढले, शेल जुनाच होता, रंगाखाली खरे ओरखडे. आत मात्र करिओकेच्या माइकमध्ये असतं तसलं स्वस्तातलं डायनॅमिक कार्ट्रिज, कडेने पांढऱ्या ग्लू गनच्या डिंकाचा जाड थर, त्यात अडकलेला एक केस. रबराचं गॅस्केट नाहीच. मल्टिमीटर लावला तर सहाशे ओहमच्या आसपास. क्रिस्टल असता तर मीटरने काहीच दाखवलं नसतं, ओपन, कारण आत कॉइलच नसते. लिहून ठेवा: क्रिस्टल म्हणून विकतायत आणि ओहम दिसतायत तर ते क्रिस्टल नाही. उलट सीआर म्हणून विकतायत आणि मीटर काहीच दाखवत नाही, तर एकतर तार तुटलीय नाहीतर माल वेगळाच आहे. एलिमेंटचा पुढून-मागून फोटो मागा, शेल सगळ्यांनाच छान दिसतं.

आता पोलिसांचं. मित्राने सांगितलं आधी चौकीत जा. गेलो. तिथल्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, माउथ ऑर्गनचा माइक सोळा हजाराचा असतो का? बाजूचे दोघं हसले. मी समजावलं. मग म्हणे माल तर आलाय ना तुमच्याकडे, मग ही फसवणूक कुठे, हे सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक मंचात जा. मी म्हटलं ॲम्प आलेला नाही. तर म्हणे समोरचा बंगळुरूचा, तिकडे जाऊन द्या. अहो, तो बंगळुरूचा आहे हे सुद्धा तोच सांगतोय! गुन्हा कुठेही घडला तरी कुठल्याही पोलीस स्टेशनला माहिती घ्यावी लागते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३, १ जुलै २०२४ पासून लागू आहे. मी फोनवर कलम उघडून दाखवलं तर चेहरा पडला आणि आवाज चढला, "आम्हाला कायदा शिकवता का?" शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला, पोच द्यायला सुद्धा टाळाटाळ. फसवणुकीचं कलम आता ४२० नाही, भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) आहे, ते अर्जात स्वतःच लिहा, नाहीतर कोणी लिहिणार नाही.

सायबरवाल्यांकडे गेलो तर ते म्हणाले चौकीत अर्ज दिलाय ना, मग तिकडूनच येऊ दे. चौकी म्हणते सायबरकडे पाठवलाय. सायबर म्हणतं आला नाही. चॅटच्या प्रिंट आणा. आणल्या. आता त्या प्रिंट खऱ्या असल्याचं सर्टिफिकेट आणा. ते पण आणलं. साहेब बंदोबस्तावर आहेत. बँकेत गेलो तर काउंटरवरच्या मॅडमनी स्क्रीन न बघता सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात, ट्रान्झॅक्शन ऑथराइज्ड आहे, आम्ही काही करू शकत नाही. ज्या साइटवर हा भेटला त्यांचं ठरलेलं उत्तर, आम्ही फक्त जाहिरात दाखवतो. म्हणजे माझे पैसे ज्या खात्यात गेले त्या खात्याला केवायसी आहे, आधार आहे, पॅन आहे, मोबाईल नंबर आहे, माझ्यासारख्याला पत्त्याचा पुरावा जुना झाला म्हणून बँक परत पाठवते, आणि ह्या माणसाचा पत्ता कोणालाच लागत नाही? तक्रारदाराला प्रत्येक टेबलावर गुन्हेगारासारखं उत्तर द्यावं लागतं, "एवढे पैसे कशाला दिले", "ओळख नसताना दिलेच कसे", "छंद महाग आहे तुमचा". माझा छंद काय आहे ह्याच्याशी तुमचा काय संबंध? चोरी झाली ती लिहून घ्या.

चौकीत वेळ गेला तेवढ्यात खातं रिकामं झालं होतं. तुमच्यावर वेळ आली तर आधी १९३० ला फोन करा, पैसे गेल्या गेल्या, यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा नंबर) हातात ठेवून. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका, मग चौकी. चॅट डिलीट करू नका, कितीही लाज वाटली तरी. त्याच्या प्रोफाइलचे स्क्रीनशॉट ब्लॉक व्हायच्या आधी घ्या.

ॲम्प घ्यायचाच असेल तर लाइव्ह व्हिडिओ कॉल, रेकॉर्ड केलेलं काही चालवून घेऊ नका. मागचं पॅनल उघडायला लावा, ५एफ१ म्हणतोय तर तीन ट्यूबा पेटलेल्या दिसल्या पाहिजेत, १२एएक्स७, ६व्ही६ आणि ५वाय३. प्लग आपल्या तीन पिनी सॉकेटमध्ये जाताना दिसला पाहिजे. मध्येच सांगा, "आता कप सोडून चार नंबरचा ड्रॉ बेंड करा, आता कप घट्ट करा", कप बंद झाला की आवाज फुगून काळवंडला पाहिजे. अमेरिकेतून आणलेला ओरिजिनल असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरसकट दाखव म्हणा, ११७ व्होल्टचा ॲम्प थेट आपल्या सॉकेटला लावला तर जळतो. आणि शक्य असेल तर स्वतःचा माइक, स्वतःची केबल घेऊन जाऊन वाजवून बघा, रोख तिथेच द्या. रात्रीच्या बसचं तिकीट ६२,७०० पेक्षा स्वस्त आहे.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. तोच सिलिका जेलचा डबा, तोच फोटो, नाव वेगळं, गाव आता इंदूर, ॲम्प ३९,००० ला. साइटला रिपोर्ट केलं, अजून तशीच आहे. ज्यांनी कोणी ह्याला पैसे दिलेत त्यांनी आपापल्या शहरात तक्रार करा आणि त्याचा यूपीआय आयडी आणि खाते नंबर अर्जात लिहा. सायबरमधल्या एका भल्या माणसाने हळूच सांगितलं की एकाच खात्यावर चार-पाच तक्रारी जमल्या तरच फाइल हलते. माझी एक तिथे पडलेली आहे.