ड्रॉवरच्या आत काय लावावं: लाख, पीयू, तेल की काहीच नाही?

टेबलाला फिनिश निवडताना आपण गरम भांडी, सांडलेलं पाणी, ओरखडे यांचा विचार करतो. ड्रॉवरच्या आत यातलं फारसं काही घडत नाही. तिथे ऊन पोचत नाही, घासाघीस बेताचीच असते आणि हवा जवळजवळ खेळत नाही. म्हणून आतल्या फिनिशबद्दल पहिला प्रश्न टिकाऊपणाचा नसतो, वासाचा असतो: महिन्याभराने खण उघडला तर काय नाकात जाईल?

या कसोटीवर तेल लगेच बाद. जवसाचं तेल, टंग ऑइल, डॅनिश ऑइल ही पाण्यासारखी उडून वाळत नाहीत, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतात. बंद खणात हे काम रेंगाळतं आणि खवट वास कपड्यांत, कागदांत मुरतो. बाहेरून लाकडाला जी सुंदर झाक तेलाने येते, ती आत बघायला कोणी जात नाही; वास मात्र सगळ्यांना येतो. तेलावर आधारित वार्निश आणि पॉलियुरेथेनचा (म्हणजेच पीयूचा) त्रास कमी, पण जातकुळी तीच. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकल्या तर आपोआप पेट घेऊ शकतात, हा धोका वेगळाच.

मग खरी निवड उरते ती लाख आणि पाण्यावर आधारित पीयू यांच्यात.

माझा कल लाखेकडे आहे. चपडी, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या, स्पिरिटमध्ये (अल्कोहोलमध्ये) विरघळवली की झालं पॉलिश: एक लिटरला साधारण 120 ग्रॅम घेतली तर पातळ आणि लावायला सोपं. दिवसभर विरघळू द्यायचं, कापडातून गाळायचं, बोळ्याने किंवा ब्रशने हात द्यायचा. स्पिरिट झपाट्याने उडतं, त्यामुळे एकाच दिवसात दोन-तीन हात सहज होतात आणि काही दिवसांत वासही जातो. औषधाच्या गोळ्यांवर चढवतात तीच ही लाख. जुन्या खणाला कुबट वास असेल तर तो दाबायलाही ती उपयोगी पडते. दोन पथ्यं मात्र पाळा. खिडक्या उघड्या आणि आसपास ज्योत नको. आणि तयार पॉलिश महिनोन्महिने पडलेलं असेल तर आधी काचेवर एक थेंब टाकून बघा. चिकट राहिला तर ते फेकून द्या, कारण ते ड्रॉवरमध्येही चिकटच राहील.

लाख हरते ती स्पिरिट आणि अमोनियापुढे. अत्तर, सॅनिटायझर किंवा काच पुसायचं द्रावण सांडलं की डाग पडतो. त्यामुळे स्वयंपाकघर, न्हाणीघर, प्रसाधनाचा खण, मुलांच्या रंगांचा खण इथे पाण्यावरचा पीयू घ्यावा. तो पाणी झेलतो, लाकूड पिवळं करत नाही आणि लावताना वासही सौम्य. पण पाण्याने लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात. आधी ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, 220 नंबरच्या पॉलिशपेपरने घासून घेतलं तर पहिला हात खरखरीत होत नाही. दुसरी गोष्ट संयमाची: हाताला दोन-तीन तासांत कोरडा वाटला तरी तो पुरता कडक व्हायला काही आठवडे लागतात. तोवर ड्रॉवर बाहेर काढून ठेवा. घाईने भरला तर प्लास्टिकच्या आणि रबराच्या वस्तू तळाला चिकटतात. लाखेवर पीयू चढवायचा असेल तर चपडी मेण काढलेलीच हवी, नाहीतर वरचा थर नीट धरत नाही.

नुसतं मेण आतल्या तळाला नको. ते मऊ राहतं, धूळ धरतं, कपड्यांना लागतं. त्याची जागा ड्रॉवर ज्या कडांवर घासत सरकतो तिथे. तिथे फिनिशचा थर चढवू नका, आधीच घट्ट बसणारा ड्रॉवर अडकेल. मेणबत्ती घासलीत तरी पुरे.

काहीच न लावणं हाही चांगला पर्याय आहे, विशेषतः कोरड्या खोलीत कपड्यांसाठी. डाग पडला तर घासता येतो. सुगंधी देवदार असेल तर कोरडाच ठेवा, त्याचा गंध बंद करण्यात काय हशील? फक्त त्याच खणाच्या बाकीच्या भागांना फिनिश असेल तर जपा: देवदारातल्या तेलाच्या वाफेने ते मऊ पडू शकतं.

कुठलंही फिनिश लावलं म्हणून दमट हवेत ड्रॉवर फुगणार नाही, असं मात्र नाही. ओलावा आत शिरण्याचा वेग कमी होतो, इतकंच. बाजूच्या फळ्यांना वर मोकळी फट ठेवावीच लागते, आणि ती जोडणीच्या वेळीच ठेवायची असते. फिनिशही जोडणीआधी सुट्या फळ्यांना लावलं तर कोपऱ्यांत साचत नाही. फक्त सरस लागणाऱ्या जागा चिकटपट्टीने झाकायला विसरू नका.