अॅन्सिबलमध्ये घरचा व्हार्स प्लगइन: पावसाळाभर वापरून

अॅन्सिबल (एका जागेवरून अनेक मशिनी सांभाळायचं साधन) आणि प्लेबुक (त्याला द्यायची टास्कांची, म्हणजे कामांची यादी) यांवर जास्त सांगत बसत नाही. ज्यांना ग्रुप_व्हार्स आणि होस्ट_व्हार्सच्या (मशिनींच्या गटाची आणि एकेका मशिनीची व्हेरिएबल ठेवायच्या) फायली सांभाळून वीट आलाय, त्यांच्यासाठी हे आहे.

कुडाळात बसून मी एका पतसंस्थेच्या शाखांमधली लिनक्स खोकी, म्हणजे मशिनी, सांभाळतो: सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण, देवगड. प्रत्येक शाखेचा गेटवे, प्रिंटरचा पत्ता, बॅकअपची वेळ मुख्य कार्यालयातले तात्या एका ऑनलाइन तक्त्यात ठेवतात. तेच मी पुन्हा यॅमलमध्ये (अॅन्सिबलच्या फायली ज्या पद्धतीत लिहितात त्यात) कशाला टाइप करू? म्हणून उन्हाळ्यात व्हार्स प्लगइन, म्हणजे अॅन्सिबलला व्हेरिएबल पुरवणारा छोटा जोडकोड, लिहिला. व्हार्समॉड्यूल नावाचा क्लास, त्यात गेट_व्हार्स; होस्ट (एखादं खोकं) आला की तक्त्याला विचारायचं आणि डिक्शनरी (नाव-किंमत जोड्यांचा संच) परत द्यायची. फाइल प्लेबुकशेजारच्या व्हार्स_प्लगइन्स फोल्डरात टाकली की झालं. मे महिन्यात हा लेख लिहिला असता तर पाचपैकी पाच तारे दिले असते.

मग पाऊस लागला, फायबर तुटली आणि मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आलो. एकेक टास्क रांगायला लागला. तात्यांचा फोन, "रे, अजून चालूच आसा?" त्यातच दिवसाचा डेटा संपत आल्याचा मेसेज. रिचार्ज माझ्या खिशातला, पतसंस्था त्याचं बिल देत नाही.

प्लगइनमध्ये एक छापायची ओळ घातली तेव्हा कळलं. एकाच मालवणच्या खोक्यासाठी तीच विनंती पुन्हा पुन्हा जात होती. अॅन्सिबलची मूळ सेटिंग 'डिमांड' आहे: टास्कला व्हेरिएबल लागली की व्हार्स प्लगइन चालवायचा, दर टास्कला, दर होस्टसाठी, शिवाय त्याच्या ग्रुपांसाठीही हाक मारायची. डिस्कवरची फाइल वाचायची असेल तर हे कोणाला जाणवतही नाही. नेटवरून आणायचं असेल तर ही शुद्ध उधळपट्टी आहे, आणि ती मूळ सेटिंग म्हणून ठेवणाऱ्यांनी कधी देवगडात हॉटस्पॉटवर काम केलेलं नसावं.

चिडून लुकअपवर (व्हेरिएबलची किंमत बाहेरून शोधून आणायची दुसरी सोय) जायचं ठरवलं होतं. पण ग्रुप_व्हार्समध्ये लुकअप लिहिला तर ते व्हेरिएबल जिथे जिथे वापरलं जाईल तिथे तो नव्याने चालतो. म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात. सॉप्सचा (फायली एन्क्रिप्ट करून ठेवणारं साधन) तयार व्हार्स प्लगइन उघडून पाहिला, तर तिथेही इशारा दिलेला: कॅश (एकदा वाचलेलं साठवून ठेवणं) बंद केलीत तर जवळजवळ प्रत्येक टास्कला फायली नव्याने डिक्रिप्ट होतील. म्हणजे हे दुखणं माझ्या एकट्याचं नाही. इथे राग जरा उतरला.

उपाय प्लगइनच्या डोक्यावरच्या डॉक्युमेंटेशन नावाच्या स्ट्रिंगमध्ये निघाला. ती मला आधी शोभेची वाटायची. पण अॅन्सिबल पर्याय तिथूनच वाचतो. तिच्यात व्हार्स_प्लगइन_स्टेजिंग हा तुकडा जोडून 'स्टेज'ची किंमत 'इन्व्हेंटरी' केली की प्लगइन फक्त इन्व्हेंटरी, म्हणजे होस्टांची यादी, वाचून झाल्यावर चालतो, टास्कांच्या मध्ये येत नाही. तो पर्याय तिथे जाहीरच केला नसेल तर अॅन्सिबल सगळ्यांसाठीची 'डिमांड' लावतो. वर मॉड्यूल पातळीवर एक साधी डिक्शनरी कॅश म्हणून ठेवली. आता अख्खा तक्ता एकदाच येतो, आणि नेट नसेल तर आदल्या रनची जेसन फाइल वापरली जाते.

याची एक किंमत आहे. इन्व्हेंटरी टप्प्याला आलेली व्हेरिएबल होस्ट_व्हार्सच्या फायलींपेक्षा खालच्या पायरीवर बसतात. जुनी फाइल कुठे पडून असेल तर तिचाच गेटवे जिंकणार, तात्यांनी तक्त्यात काहीही लिहिलेलं असो. ॲन्सिबल-इन्व्हेंटरी या कमांडला '--होस्ट' आणि खोक्याचं नाव देऊन कुठली किंमत लागते ते आधी बघून घ्या, आणि जुन्या फायली खरंच उडवा.

त्यानंतर मात्र तक्रार नाही. देवगडच्या शाखेचा राउटर बदलला, तात्यांनी तक्त्यात नवा गेटवे टाकला, मला कळवलंसुद्धा नाही, आणि संध्याकाळच्या रनमध्ये तो आपोआप लागला. एवढ्यासाठी पाचपैकी चार.

एक तारा कापलाय तो गप्प बसण्यासाठी. तक्त्यातलं नाव आणि इन्व्हेंटरीतलं नाव जुळलं नाही तर प्लगइन रिकामी डिक्शनरी देतो आणि अॅन्सिबल हूं की चूं करत नाही. पुढे कुठल्या तरी टेम्पलेटमध्ये व्हेरिएबल सापडत नाही म्हणून रडतो. मी आता नाव जुळलं नाही की तिथेच अॅन्सिबलएरर फेकतो, लोकलहोस्ट (माझं स्वतःचं मशीन) वगळून.