नेटवर्किंगचा पाया घरबसल्या शिकताना: पॅकेट ट्रेसर, एनपीटीईएल की स्पोकन ट्युटोरियल?

संगणक आणि नेटवर्किंगची मूलतत्त्वे स्वतःच्या वेळेनुसार शिकू इच्छिणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने तीन पर्यायांचा आधी विचार करावा: नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या सिस्को कंपनीच्या नेटवर्किंग अकादमीचे पॅकेट ट्रेसरवर (संगणकावर नेटवर्कची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) आधारलेले धडे, एनपीटीईएलचे ऑनलाइन व्याख्यानांचे अभ्यासक्रम आणि आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा छोट्या व्हिडिओंचा प्रकल्प. तिन्हीकडचे पायाभूत शिक्षण विनामूल्य आहे, त्यामुळे आपण नेमके कुठे अडतो, एवढे पाहूनच निवड करावी.

सिस्कोची अकादमी १९९७ साली सुरू झाली. तिच्या धड्यांचे खरे बळ पॅकेट ट्रेसर या सॉफ्टवेअरमध्ये आहे, कारण त्यात विद्यार्थी स्वतः राउटर (वेगवेगळी नेटवर्के जोडणारे उपकरण), स्विच (एकाच नेटवर्कमधील संगणक जोडणारे उपकरण) आणि संगणक पडद्यावर मांडून जोडतो व चुकतो. संगणकाची केबल स्विचला जोडली की टोकावरची खूण लगेच हिरवी होत नाही. ती सुमारे अर्धा मिनिट नारिंगी राहते, कारण जाळ्यात कुठे लूप, म्हणजे माहिती गोल गोल फिरत राहील असे वर्तुळ, तर तयार होत नाही ना, याची खातरजमा स्विचमधील स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल हा नियमसंच आधी करतो. राउटरकडची खूण मात्र लालच राहते, कारण राउटरचे इंटरफेस (केबल जोडायची तोंडे) मुळात बंद असतात आणि ती सुरू करायला ‘नो शटडाउन’ ही आज्ञा द्यावी लागते. सगळे जुळल्यावर पलीकडच्या नेटवर्कमधील संगणकाला पिंग केले, म्हणजे तो उत्तर देतो का हे पाहायला चार छोटे संदेश पाठवले, तरी चारांपैकी पहिले उत्तर बहुधा येत नाही आणि नवखा विद्यार्थी केलेली जोडणी पुन्हा उपसू लागतो. इथे पॅकेट ट्रेसरचा सिम्युलेशन मोड लावून तोच प्रयोग एकेका टप्प्याने चालवावा. लिफाफ्याच्या खुणेने दाखवलेले पॅकेट (माहितीचा एक तुकडा) राउटरपाशी पोहोचते, पलीकडच्या संगणकाचा हार्डवेअर पत्ता राउटरला ठाऊक नसतो, आणि तो एआरपीने (आयपी पत्त्यावरून हार्डवेअर पत्ता शोधण्याच्या पद्धतीने) विचारून घेईपर्यंत पहिले पॅकेट टाकून दिले जाते, हे डोळ्यांसमोर घडते. एआरपीची व्याख्या दहा वेळा वाचूनही जे समजत नाही, ते या एका प्रयोगात समजते, असे माझे ठाम मत आहे.

अर्थात हे शेवटी सोंगच आहे. सिस्कोच्या सगळ्या आज्ञा त्यात चालत नाहीत, इतर कंपन्यांच्या उपकरणांची सवय त्यातून होत नाही, आणि खरी वाहतूक पाहायची तर स्वतःच्या संगणकावर वायरशार्क हे येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारे सॉफ्टवेअर उघडावेच लागते. शिवाय सूचना इंग्रजीत असतात आणि कामाला संगणक लागतो.

एनपीटीईएल हा आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा २००३ पासूनचा उपक्रम. आयआयटी खरगपूरच्या प्राध्यापकांचा संगणक नेटवर्क आणि इंटरनेट प्रोटोकॉल या विषयावरचा १२ आठवड्यांचा अभ्यासक्रम पाहिला, तर टीसीपी (माहिती खात्रीने पोहोचवणारा इंटरनेटचा नियमसंच) नेटवर्कमधील गर्दी ओळखून वेग का कमी करतो, यासारख्या ‘का’ने सुरू होणाऱ्या प्रश्नांना तिथे मिळणारी खोली पॅकेट ट्रेसरच्या धड्यांत नाही. प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायांचे २५ आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या सशुल्क परीक्षेचे ७५ गुण धरतात. उणीव इतकीच, की व्याख्यान ऐकताना मान डोलते आणि हात रिकामा राहतो. /२६ मास्कच्या सबनेटमध्ये (मास्क हा नेटवर्कच्या तुकड्याचा आकार ठरवणारा आकडा, सबनेट म्हणजे तो तुकडा) ६४ पत्ते असतात व त्यांपैकी ६२ उपकरणांना देता येतात, हे ऐकून पटते; पण पॅकेट ट्रेसरमधील राउटरला त्याच मास्कसह १९२.१६८.१.६४ हा पत्ता दिला आणि त्याने तो नाकारला, की उरलेले दोन पत्ते (पहिला सबनेटच्या ओळखीसाठी, शेवटचा सर्वांना एकदम संदेश पाठवण्यासाठी राखीव) कुठे गेले हे पुन्हा विचारावे लागत नाही.

स्पोकन ट्युटोरियल ही या दोहोंच्या आधीची पायरी आहे. साधारण दहा मिनिटांचा व्हिडिओ अर्ध्या पडद्यावर आणि उरलेल्या अर्ध्यावर आपले टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी), अशी त्याची रीत असून पडद्यावरचा मजकूर इंग्रजी असला तरी निवेदन मराठीत ऐकता येते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना लिनक्स या संगणक-प्रणालीच्या आज्ञांची भीती घालवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. मात्र नेटवर्किंगचा सलग अभ्यासक्रम म्हणून त्याकडे पाहू नये.

म्हणून ज्याला टर्मिनल उघडतानाच धास्ती वाटते, त्याने स्पोकन ट्युटोरियलपासून सुरुवात करावी. डिप्लोमा किंवा पदवीला हा विषय असलेल्याने पॅकेट ट्रेसर आधी हाती घ्यावे आणि जो प्रयोग चालला पण कळला नाही, त्यापुरते एनपीटीईएलचे व्याख्यान ऐकावे. ज्याच्याकडे केवळ मोबाइल आहे, त्याने व्याख्याने मोबाइलवर पाहावीत, पण आठवड्यातून दोनदा तरी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत संगणक मागून घ्यावा.