घरच्या फुलदाणीसाठी बाग: आठ महिन्यांचा अनुभव, आणि सगळा घोळ दांड्याचा

गेल्या आठवड्यात बियाण्याच्या दुकानात पुन्हा वाद झाला, म्हणून हे लिहायला बसले. झिनियाच्या पाकिटावर भाव आहे, उगवण किती टक्के ते आहे, फुलाचा भला मोठा फोटो आहे. झाड किती उंच होणार, दांडा किती लांब येणार, हे मात्र कुठेच नाही. दुकानदार म्हणाले, "ताई, फूल तर तेच आहे ना?" तेच नाही हो! फुलदाणीत फूल ठेवायचं असेल तर दांडा हाच खरा माल आहे.

साताऱ्यात आमच्या घरामागे दहा बाय बारा फुटांची जागा आहे. दर आठवड्याला दीडशे रुपयांचा गुच्छ आणायचा आणि चौथ्या दिवशी त्याने माना टाकायच्या, याला कंटाळून गेल्या मे महिन्यात ही जागा खणून घेतली.

जूनमध्ये त्याच दुकानातून झिनियाचं ६० रुपयांचं पाकीट आणलं. पाचव्या दिवशी उगवलं, ऑगस्टच्या सुरुवातीला फुलं आली. रंग असे की रस्त्यावरचे लोक थांबून बघत. पण झाडं वीतभर. कात्री घेऊन गेले तर हातात चार बोटांचा दांडा. माझी पितळी फुलदाणी नऊ इंच उंच आहे, त्यात फूल सोडलं की थेट तळाशी. शेवटी वाटीत पाणी घालून तरंगवली. या बुटक्या जाती कुंडीसाठी आणि वाफ्याच्या कडेसाठी केलेल्या असतात, हे मला तेव्हा कळलं. झिनियाच्या उंच जाती अडीच-तीन फूट जातात. त्याच मागून घ्यायच्या.

यात दोष एकट्या दुकानदाराचा नाही, असं आता वाटतं. आपल्याकडे फूल खुडतात, दांडा कुणी कापत नाही. जास्वंद, तगर, कण्हेर, मोगरा, सगळं परडीत जातं आणि तिथून देवापुढे. मग दांडा किती, हे विचारणार कोण? सप्टेंबरमध्ये उंच झिनियाची (बी मैत्रिणीच्या आईने दिलं होतं) पहिली नऊ फुलं उमलली. सकाळी बघते तर नऊच्या नऊ दांडे नुसते उभे, वर काही नाही. सासूबाईंनी फुलं पूजेला नेली होती. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "अगं, देवाला नकोत का?" त्या दिवशी मला खरंच रडू आलं. दुसऱ्या दिवशी पुढची ओळ झेंडू आणि तगरीची, देवाची, असं ठरलं. मागच्या तीन ओळी फुलदाणीच्या. तेव्हापासून सासूबाई मागच्या ओळींना हात लावत नाहीत. उलट कात्री कुठे ठेवलीय ते त्याच सांगतात.

उंच झिनियाला पूर्ण गुण. फक्त रोपाला पानांच्या चार जोड्या आल्या की शेंडा खुडायचा. जिवावर येतं, पण मग खालून फांद्या फुटतात आणि दांडे लांब मिळतात. कापायचं कधी, हे फुलाकडे बघून कळत नाही. फुलाखाली वीतभर अंतरावर दांडा दोन बोटांत धरायचा आणि हलकेच हलवायचा. मान लचकली तर फूल अजून कच्चं आहे, कापलं तर संध्याकाळपर्यंत लोंबतं. दांडा काठीसारखा ताठ राहिला तर खुशाल कापा. सकाळी लवकर कापून, पाण्यात बुडतील तेवढी पानं ओरबाडून काढली तर माझ्याकडे सहा-सात दिवस टिकतात. पाने ठेवली की पाण्याला तिसऱ्या दिवशी वास. ऑक्टोबरमध्ये पानांवर भुरी, म्हणजे पांढऱ्या भुकटीसारखी बुरशी, आली. रोपं दाटीने लावली होती, चूक माझी. आता हातभर अंतर ठेवते आणि पाणी बुडाशीच घालते.

गुलछडीबद्दल मात्र मला मत बदलावं लागलं. मे महिन्यात दहा रुपयाला एक या दराने वीस कंद लावले. जून गेला, जुलै गेला, ऑगस्टही गेला, नुसती गवतासारखी पाती. दोनशे रुपये मातीत गेले असं घरात सगळ्यांना ऐकवून झालं होतं. सप्टेंबरच्या मध्यावर पहिला दांडा वर आला, आणि मग दिवाळीपर्यंत थांबलाच नाही. कमरेइतका सरळ दांडा, आधी खालच्या कळ्या उमलतात, मग वरच्या. खालची दोन फुलं उमलताना कापायचा आणि सुकतील तशी फुलं काढत राहायचं, आठवडा सहज जातो. सिंगल, म्हणजे एकेरी पाकळ्यांची घ्या, वास तिचाच. शिवाय कंद जमिनीतच वाढतात, म्हणजे यंदा खर्च शून्य.

कॉसमॉसला मी लाडाने शेणखत घातलं. खांद्यापर्यंत वाढला, फूल नाही. कुंपणाजवळच्या मुरमाड जागेत सांडलेल्या बियांचा मात्र भरभरून फुलला. फुलदाणीत तीन-चार दिवसच राहतो, पण बी पुन्हा विकत घ्यावं लागत नाही. झिनिया, कॉसमॉस, झेंडू, गुलछडी, ही चारही मूळची मेक्सिकोची. तिथेही पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि पुढे कोरडे महिने येतात, त्यामुळे आपल्या हवेत ती फार हट्ट करत नसावीत. ग्लॅडिओलस सुंदर, पण एका कंदाला बहुतेक एकच दांडा. मला परवडत नाही.

आता ॲस्टर. बियाण्याचं पाकीट घेताना तारीख बघाच. ॲस्टरचं बी फार काळ टिकत नाही, आणि मला मिळालं ते दीड वर्षाचं जुनं, एक रोप उगवलं नाही. बदलूनही दिलं नाही. नंतर महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या 'फुले गणेश' जातींचं, पांढऱ्या आणि जांभळ्याचं, ताजं बी मिळवून ऑक्टोबरमध्ये रोप टाकलं. आज जानेवारीत दीड फुटाचे दांडे उभे आहेत. एका दांड्याला पाच-सहा फुलं, दहा दिवस ताजी. मर रोग (रोप सुकून मरतं) येतो म्हणून पुढच्या वर्षी जागा बदलणार.

पितळी फुलदाणी पहिल्यांदा काठोकाठ भरली ती याच ॲस्टरने. काल सासूबाईंनी त्यातला एक दांडा मागून घेतला, अख्खा, पानांसकट, आणि देवघरात तांब्यात उभा केला.