जुन्या क्लस्टरवर जीपीयू वाटून देताना: सात महिन्यांचा अनुभव

आमचा क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेले सर्व्हर, अजून कुबरनेटिस या कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीच्या १.२१ आवृत्तीवर आहे आणि जीपीयू कार्डं सगळी एनव्हिडियाची टी४. दोन्ही बदलणं एवढ्यात शक्य नव्हतं. कुबरनेटिसमध्ये जीपीयू पूर्णांकातच मागता येतो, त्यामुळे तीन जीबीत मावणारं मॉडेल १६ जीबीचं अख्खं कार्ड अडवायचं आणि ट्रेनिंगचे पॉड (कुबरनेटिसमध्ये काम चालवणारं एकक) पेंडिंगमध्ये ताटकळत राहायचे.

मिग, म्हणजे हार्डवेअरमध्येच एका कार्डाचे तुकडे पाडायची एनव्हिडियाची सोय, अँपिअर पिढीपासून पुढे मिळतं. टी४ त्याआधीच्या ट्युरिंगचं, म्हणजे तो मार्ग बंद. आधी एनव्हिडियाच्या डिव्हाइस प्लगिनमधलं (कुबरनेटिसला कार्डं दाखवणारा भाग) टाइम-स्लायसिंग लावलं. एका कार्डाची चार दिसू लागली, काम अर्ध्या तासाचं. पण त्यात फक्त वेळ वाटला जातो, मेमरी नाही. एका टीमने बॅच साइज वाढवली आणि त्याच कार्डावरचे दुसऱ्यांचे पॉड ‘आउट ऑफ मेमरी’ होऊन पडले. ज्यांची काहीच चूक नाही त्यांनी रात्री उठून लॉग चाळायचे, हे मला पटेना.

मग हामी हे जीपीयू वाटून देणारं मुक्त सॉफ्टवेअर आणलं. ते कंटेनरमध्ये आपली लायब्ररी घालतं आणि कुडाचे (एनव्हिडियाच्या जीपीयू प्रोग्रॅमिंग प्लॅटफॉर्मचे) कॉल मधेच अडवून मेमरीची मर्यादा पाळायला लावतं. चार जीबी मागितलेल्या पॉडमध्ये कार्डाची स्थिती सांगणारं एनव्हिडिया-एसएमआयसुद्धा चारच दाखवतं. कोडला हात लावावा लागला नाही. तेव्हापासून शेजाऱ्यामुळे पॉड पडल्याची एकही तक्रार आलेली नाही, आणि माझ्या लेखी हीच सगळ्यात मोठी कमाई.

बसवताना दोन गोष्टींनी वेळ खाल्ला. हामीसोबतच्या कुब-शेड्युलरच्या (पॉड कुठे चालवायचा ते ठरवणारा भाग) इमेजचा टॅग क्लस्टरच्या आवृत्तीशी जुळवावा लागला. शिवाय जुना डिव्हाइस प्लगिन त्या नोडवरून (सर्व्हरवरून) आधी काढायला हवा, नाहीतर दोघंही एकाच रिसोर्सवर हक्क सांगतात.

सर्वांत जास्त छळलं ते वेगळ्याच गोष्टीने. हामीसाठी एनव्हिडियाचा कंटेनर रनटाइम डिफॉल्ट ठेवावा लागतो, आणि कुडाच्या तयार इमेजमध्ये ‘एनव्हिडिया_व्हिजिबल_डिव्हाइसेस’ हे, कंटेनरला कोणती कार्डं दिसावीत ते ठरवणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, ‘ऑल’ असतं. जीपीयू न मागताच चाललेल्या पॉडला मग नोडवरची सगळी कार्डं मोकळी! शेड्युलरच्या हिशेबात तो पॉड नसतोच. कार्ड रिकामं दिसतंय आणि मेमरी भरलेली, हे कोडं सुटायला आम्हाला तीन आठवडे लागले. आता अशा पॉडमध्ये वेबहुकनेच (पॉड तयार होतानाच त्यात बदल करणारी सोय) ती किंमत ‘व्हॉइड’, म्हणजे कार्ड न देणारी, करतो. हे पहिल्या दिवशीच करा.

कार्डांसाठी बिनपॅक धोरण निवडलं. छोटी कामं एकाच कार्डावर दाटीने बसतात, ट्रेनिंगला पूर्ण कार्ड मोकळं राहतं. कोअरची (गणनशक्तीची) मर्यादा मात्र मेमरीइतकी काटेकोर नाही, उत्तराचा वेळ वरखाली होतो. म्हणून ज्या दोन सेवांना तो सांभाळावाच लागतो, त्या अजूनही अख्ख्या कार्डावर ठेवल्या आहेत.